‘इडिओक्रसी’ पाहून गच्चीवर विचारले गेलेले प्रश्न

अमळनेरात आमच्या गच्चीवर चादर बांधून आम्ही अधूनमधून सिनेमा दाखवतो. ‘इडिओक्रसी’ आतापर्यंत चार वेळा दाखवला आणि चारही वेळा चहा येईपर्यंत तेच तेच प्रश्न आले. दर वेळी तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ती एकदाची लिहून टाकतो. शेवट सांगून टाकलाय, तेव्हा ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगा.

जो बाउअर्स हा अमेरिकन लष्करातला ग्रंथपाल. प्रत्येक बाबतीत मधला: उंचीने, बुद्धीने, महत्त्वाकांक्षेनेही. त्याचं एकच धोरण, कुठेही पुढे पुढे करायचं नाही. म्हणूनच 2005 साली त्याला एका प्रयोगासाठी निवडतात. त्याला आणि रीटा नावाच्या बाईला वर्षभर पेटीत झोपवून ठेवायचं असतं. पण प्रयोग चालवणारा अधिकारी भलत्याच भानगडीत पकडला जातो, तळ पाडला जातो आणि पेट्या विसरल्या जातात. जो उठतो तो थेट 2505 साली, कचऱ्याचा डोंगर घसरतो त्याच्यासोबत. आजूबाजूला पाहतो तर अख्ख्या देशात सगळ्यात हुशार माणूस तोच.

दिग्दर्शक माइक जज, पटकथा त्यांची आणि इटन कोहेन यांची. जोच्या भूमिकेत ल्यूक विल्सन, रीटा माया रुडॉल्फ, राष्ट्राध्यक्ष टेरी क्रूज. लांबी जेमतेम 84 मिनिटं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी एका रात्रीत उरकतो.

जो खरंच एवढा हुशार असतो का?

नाही, आणि गंमत तीच आहे. त्याच्या बुद्धिमत्ता चाचणीत प्रश्न असतो: तुमच्याकडे एक दोन गॅलनची बादली आहे आणि एक पाच गॅलनची, तर तुमच्याकडे बादल्या किती? आमच्या गच्चीवर एका पोराने मोठ्याने “सात!” म्हणून सांगितलं. तो अजून चेष्टेचा विषय आहे. तो बारावी सायन्सला आहे, एवढंच सांगतो.

शेतात पाण्याऐवजी सरबत घालतात, हे अतीच झालं नाही का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक शहरातले असतात. शेतकरी विचारत नाहीत, ते फक्त हसतात.

सिनेमात ब्रॉन्डो नावाचं हिरवट पेय आहे. कंपनीने अन्नाचे आणि जाहिरातीचे नियम करणारी सरकारी खातीच विकत घेतलेली आहेत. पाणी फुकट, म्हणजे धंद्याला मारक, म्हणून पाणी उरलंय फक्त संडासात. पिकांनाही ब्रॉन्डोच. पिकं वाळलीत, धुळीची वादळं उठतात आणि मंत्रिमंडळाला कारण सापडत नाही. जो म्हणतो, पाणी देऊन पाहा. मंत्री विचारतात, पाणी म्हणजे संडासातलं? तो विचारतो, ब्रॉन्डोच का? उत्तर येतं, त्यात इलेक्ट्रोलाइट्स असतात. इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय? ज्याच्यापासून ब्रॉन्डो बनवतात ते.

या ठिकाणी आमचे जिभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच हंगामात त्यांनी केळीला एका ‘टॉनिक’ची आळवणी केली होती. दुकानदाराला विचारलं होतं, यात आहे काय? तो म्हणाला, “भो, पांढरी मुळी सुटते.” पण आत काय आहे? “मुळी सुटायचं असतं ते.” बाटलीवर सोनेरी वाघ होता. जिभाऊंनी तीन लिटर घेतलं. नुकसान झालं असंही नाही आणि फायदा झाला असंही नाही. केळी आली तशी आली. पण त्या संवादात आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत मला एका शब्दाचाही फरक दिसला नाही.

पण इलेक्ट्रोलाइट्स चांगले असतात ना? डॉक्टर देतात की.

माणसाला देतात, जुलाब झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम शोषलं जातं आणि त्यामागे पाणी ओढलं जातं. शरीरातून गेलेलं भरून काढायला हे उत्तम. म्हणजे ब्रॉन्डोची जाहिरात धडधडीत खोटी नाहीये. शब्द खरा आहे, जागा चुकीची आहे, आणि अशी फसवणूक पकडायला जास्त अवघड जाते.

झाडाचं गणित वेगळं. मुळाभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला पाणी ओढणं जड जातं. वाफा ओला दिसतो आणि झाड तहानेने मरतं. त्यात आपली काळी जमीन. चिकणमातीच्या कणांना सोडियम जास्त चिकटलं की कण विखुरतात आणि भेगा-भोकं बुजतात. मग पाणी वर साचतं, खाली मुरत नाही, आणि वाळल्यावर फाळ लागत नाही इतकी ती दगड होते. हिलाच आपण चोपण म्हणतो. तापीकाठच्या खोल जमिनीत ज्यांनी निचऱ्याचा चर न काढता वर्षानुवर्षं भरपूर पाणी दिलं, त्यांना चोपण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

सिनेमात साधं पाणी सोडल्यावर थोड्याच दिवसांत हिरवे कोंब येतात. तेवढी सूट लेखकाला देऊ. आपल्याकडे जिप्सम टाका, चर काढा, गोड्या पाण्याने क्षार खाली धुवा, ताग-धैंचा गाडा, आणि मग काही वर्षांनी जमीन बोलायला लागते.

मग जुनी माणसं जास्त हुशार होती, असं म्हणायचंय का?

नाही. गच्चीवर हा सूर निघाला की मी चहा पाठवायला सांगतो.

एक फरक मात्र दिसतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत घ्या. नदीत बंधारा, तिथून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक, कोणत्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी आपल्या हाताने कुणी फोडायचं नाही, ते पाटकरी देणार. राखणीला जागल्या. ही व्यवस्था काही शतकं चालली. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी ती मोडली. त्यातले लोक काही देवमाणसं नव्हते. मान कुणाचा आणि काम कुणाचं हे तिथेही जन्मावरूनच ठरायचं. पण पाटाला पाणी का कमी आलं, हा प्रश्न विचारायला माणूस बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊ शकत होता. कारण तिथे डोळ्यांसमोर होतं.

2505 मध्ये कारणं शिल्लकच नाहीत. यंत्रं चालतात, पण का चालतात ते कुणाला ठाऊक नाही. दवाखान्यातल्या बाईसमोर चित्रांची बटणं आहेत, पोटदुखीचं चित्र दिसलं की पोटदुखीचं बटण. वकील फ्रिटो याने कायद्याची पदवी मिळवलीय ती एका किराणा-गोदामातून. अख्ख्या सिनेमात मला भीती वाटली ती इथे. माणसं मठ्ठ दिसतात त्याचं मला फारसं काही नाही. त्यांना ‘का’ विचारण्याची जागाच कुणी ठेवलेली नाही, हे मात्र डोक्यातून जात नाही.

सुरुवातीला सांगतात की हुशार लोकांना मुलं कमी आणि मूर्खांना जास्त, म्हणून जग असं झालं. हे खरं आहे का?

नाही. सिनेमाचा हा भाग कच्चा आहे, आणि नुसता कच्चा नाही तर घातकही आहे.

आधी आकडे. विसाव्या शतकात बऱ्याच देशांत बुद्धिमत्ता चाचण्यांचे गुण दर दशकाला साधारण 3 या वेगाने वाढत गेले. जेम्स फ्लिन यांच्या नावावरून त्याला फ्लिन परिणाम म्हणतात. शाळा, पोषण, लहान कुटुंबं अशी कारणं दिली जातात. पुढे काही देशांत गुण घसरू लागले, तेव्हा नॉर्वेतल्या संशोधकांनी लष्करभरतीच्या चाचण्यांची माहिती तपासली आणि 2018 साली निष्कर्ष छापला. घसरण एकाच घरातल्या सख्ख्या भावांमध्येही दिसत होती. आईबाप तेच, म्हणजे दोष रक्तात नव्हता, परिस्थितीत होता. सिनेमाची पहिली पाच मिनिटं तिथेच निकालात निघाली.

घातक का, ते बाहेर जाऊन शोधायला नको. “त्या लोकांना पोरं फार” हे वाक्य आपल्या एसटीत चोपडा ते शिरपूर या अंतरात दोनदा ऐकू येतं. ‘ते’ म्हणजे कधी सातपुड्यातले पावरा-भिल्ल, कधी दुसऱ्या मोहल्ल्यातले, कधी झोपडपट्टीतले. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आजीला नऊ मुलं असतात, ते सोडून द्यायचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 निघाला. लोकसंख्या आहे तिथे टिकायला साधारण 2.1 लागतो.

‘कमी दर्जाच्या’ माणसांना मुलं होऊ नयेत, हा विचार अमेरिकेत नुसता बोलला गेला नाही, त्याचे कायदे झाले. 1927 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि पुढची कित्येक दशकं हजारोंची शस्त्रक्रिया झाली. आणि आपल्याकडे आणीबाणी. गच्चीवर हा विषय निघाला तेव्हा कोपऱ्यातले एक आप्पा एवढंच म्हणाले, “आम्ही तेव्हा रात्री शेतातच झोपायचो.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

माइक जज यांनी मुद्दाम तसं म्हटलं असेल असं मला वाटत नाही. विनोदासाठी गाडी सुरू करायला त्यांना किल्ली हवी होती, हाती जी आली ती लावली. पण सिनेमा दाखवायचा असेल तर ही पाच मिनिटं संपल्यावर थांबवून बोलावं. आम्ही थांबवतो. लोक ओरडतात.

तिथल्या लोकांची भाषा एवढी खराब का दाखवलीय?

हा प्रश्न पहिल्यांदा एका ताईंनी विचारला आणि त्यानंतर मी सिनेमा पूर्वीसारखा पाहू शकलो नाही.

निवेदक सांगतो की भविष्यात इंग्रजीची खिचडी झालीय, आणि त्यात काय काय पडलंय तेही सांगतो. डोंगरातल्या गरीब गोऱ्यांची बोली, पोरींची चटपटीत बोली, शहरातल्या गरीब वस्त्यांची बोली आणि वर थोडं गुरगुरणं. जो नीट व्याकरणशुद्ध बोलतो म्हणून लोक त्याच्यावर हसतात. प्रेक्षकाने मात्र त्या लोकांवर हसायचं असतं. म्हणजे हिशेब असा: बोली बोलतो तो मूर्ख, प्रमाण बोलतो तो शहाणा.

आता पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी “काय करून राहिला भो?” म्हटलेल्या कुठल्याही जळगाव-धुळ्याच्या पोराला विचारा की त्याच्यावर कोण आणि का हसलं होतं. मी स्वतः तीन महिने तोंड उघडलं नव्हतं. अहिराणी घरात, मराठी शाळेत, इंग्रजी मुलाखतीत, आणि तिन्ही ठिकाणी जीभ जरा चुकलेली. आमच्या गच्चीवर सिनेमा चालू असताना एक जण संवादांचं अहिराणीत भाषांतर करतो. पिकं वाळलेली दिसली की तो ओरडतो, “याले काय व्हयनं?” सगळ्यात मोठा हशा तिथे असतो, आणि सगळ्यात नेमका प्रश्नही तोच असतो. मंत्रिमंडळातल्या एकालाही तो सुचत नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्याकडे फार झिजलंय, तरी इथे टाळता येत नाही. आसोद्याची बाई, अक्षरओळख नाही, लेवा बोलीत ओव्या सांगायची. घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या. 1951 साली ती गेली, पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. 2505 च्या चाचणीत ती बादल्यांचा प्रश्न बरोबर सोडवती. आजच्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला मात्र ती बसूच शकली नसती. सिनेमाला हा फरक कळत नाही.

मराठीत नाव काय द्याल?

एकाने ‘अडाणशाही’ सुचवलं. वरचं वाचून झाल्यावर मी का नको म्हणतो ते कळेल. ‘मूर्खशाही’ चालेल. जिभाऊंचं मत ‘टॉनिक’.

राष्ट्राध्यक्ष कॅमाचो म्हणजे आपल्याकडचा अमुक नेता ना?

दर वेळी वेगळं नाव येतं आणि दर वेळी भांडण होतं, म्हणून मी उत्तर देत नाही. कॅमाचो कुस्तीगीर होता, संसदेत बंदूक उडवतो, त्याच्या नावात एका थंड पेयाचं नाव आहे. पण नीट पाहा. आपल्याला उत्तर येत नाही हे तो मान्य करतो, आपल्यापेक्षा हुशार माणूस शोधून आणतो आणि त्याला अधिकार देतो. शेवटी खुर्चीही जोकडे जाते. असा नेता तुमच्या ग्रामपंचायतीत असेल तर कळवा, आम्ही भेटायला येऊ.

बारकोडचा प्रसंग कळला नाही.

2505 मध्ये प्रत्येकाच्या हातावर बारकोड गोंदलेला असतो. जोच्या हातावर नसतो, म्हणून पैसे देता येत नाहीत, म्हणून अटक. तो समोर उभा आहे, बोलतोय, पण यंत्राच्या लेखी तो नाहीच.

माझ्या आजीच्या बोटांचे ठसे कापूस वेचून आणि भांडी घासून पुसले गेले होते. रेशन दुकानात ती अंगठा लावायची आणि यंत्र लाल दिवा दाखवायचं. दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखत होता, तिच्या लग्नात जेवला होता. तो म्हणायचा, “काकू, मी ओळखतो, पण मशीन ओळखत नाही.” मग ती बोटांना व्हॅसलीन चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. तिला हा सिनेमा दाखवता आला नाही याचं मला वाईट वाटतं. फार हसली असती.

एवढा चांगला आहे तर चालला का नाही?

1 सप्टेंबर 2006 ला अमेरिकेत सुमारे 130 चित्रगृहांत लावला. जाहिरात जवळपास शून्य, समीक्षकांसाठी आधी खेळ नाही. जगभरची कमाई 5 लाख डॉलरच्या आत. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने असं का केलं याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, पण सिनेमात खऱ्या ब्रँडांची यथेच्छ टिंगल आहे एवढं पाहिलं तरी अंदाज येतो. जज यांचा 1999 चा ‘ऑफिस स्पेस’ही चित्रगृहात पडला होता आणि घरोघरी डीव्हीडीवर उठला. याचंही तसंच झालं.

लोक याला माहितीपट का म्हणतात?

2016 साली अमेरिकेतल्या निवडणुकीच्या धामधुमीत सहलेखक इटन कोहेन यांनीच, हा सिनेमा माहितीपट होईल असं वाटलं नव्हतं, अशा अर्थाचं ट्वीट केलं. तेव्हापासून ही म्हणण्याची पद्धतच पडली.

मला ती आवडत नाही. ‘जग इडिओक्रसी झालंय’ म्हणणारा प्रत्येक जण स्वतःला जो समजतो. चार खेळांत मिळून शंभरेक माणसं आमच्या गच्चीवर आली असतील, त्यातल्या एकानेही “मी त्या मंत्र्यांसारखा आहे” म्हटलं नाही. जिभाऊ सोडून. त्यांनी टॉनिकची बाटली पुढच्या खेळाला आणली आणि पडद्याखाली ठेवली.

रबरी चपलांचा किस्सा खरा आहे?

हो. भविष्यातल्या बावळट लोकांना घालायला स्वस्त आणि विचित्र चपला हव्या होत्या, म्हणून वेशभूषाकाराने तेव्हा नव्याने आलेल्या क्रॉक्स निवडल्या. लोक खरंच घालू लागले तर काय, अशी शंका जज यांना आली होती. गच्चीच्या जिन्याखाली उतरवलेले जोड मोजा.

मुलांना दाखवू का?

नको. शिव्या आहेत, अश्लील विनोद आहेत, अमेरिकेतही 17 वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नव्हता. मोठ्यांनीही वडीलधाऱ्यांशेजारी बसू नये. आम्ही मध्ये एक रांग मोकळी सोडतो.

शेवटी काय होतं?

पाणी दिल्यावर ब्रॉन्डोचा धंदा बुडतो, कंपनीचा संगणक आपोआप निम्म्या देशाला कामावरून काढतो, आणि लोक जोवरच उलटतात. पाणी बरोबर होतं, तरी चूल कुणाची विझते हे त्याने पाहिलं नव्हतं. मैदानात राक्षसी गाड्यांपुढे त्याला शिक्षेला उभं करतात. ऐन वेळी फ्रिटो मोठ्या पडद्यावर शेतातले कोंब दाखवतो, आणि माफी मिळते. जो पुढे राष्ट्राध्यक्ष होतो, रीटाशी लग्न करतो, तीन मुलं होतात. त्याच वेळी फ्रिटोलाही मुलं होतात, कितीतरी पट जास्त, आणि निवेदक तेही हसत हसत मोजून दाखवतो. पहिल्या पाच मिनिटांची सावली शेवटपर्यंत जात नाही.

पुढचा खेळ कधी?

जिभाऊंची केळी कापून झाली की. गाडी भरायला माणसं लागतात, त्यामुळे त्या आठवड्यात गच्ची रिकामीच असते. चटई आपापली आणावी. शेव-भाजी आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे. पाणी माठात आहे, साधं.